बैलाच्या पट्ट्यातली सुई

टक् असा आवाज आला अन् मशीन थांबली. सुई तुटली होती. वरचा तुकडा मशीनीतच अडकेल होता, खालचं टोक गायब. म्या शिवाले घेतलेला बैलाचा पट्टा उलटा करून पाह्यला, चामड्यात नाई, मशीनीच्या सरकत्या दात्याईखाली नाई, माह्या मांडीवर नाई. अन् तेवढ्यात खाली माही पोरगी खोकलली.

ते मशीनीच्या पायाजवळच बसेल होती. रांगतं लेकरू, जे दिसन ते तोंडात घालनारं. तिचं तोंड हलून रायलं होतं. म्या खाली बसून तिच्या तोंडात बोट घातलं, इकडून तिकडून फिरवलं, काईच लागलं नाई, फक्त लाळ आली अन् त्या लाळंत रक्ताची बारीक रेघ.

माही माय अमरावतीले ब्लाऊज शिवते. तिनं मले मशीन शिकवली तवा एक गोष्ट पयले शिकवली, सुई तुटली तं तुकडे जुळवाचे, जुळल्याबिगर उठाचं नाई. बिघडलेल्या रेडिओतलं लोहचुंबक तिनं माह्या मशीनीले सुतळीनं बांधून देल्लं होतं. म्या ते तोडलं अन् फरशीवर फिरवत सुटली, खाटीखाली, उंबऱ्यापाशी, पोरीच्या फ्राकावर. टाचन्या लागल्या, एक जुना खिळा लागला, सुईचं टोक नाई लागलं. पोरगी माह्याकडं पाहून हासली. तवाच मले समजलं का टोक कोठी आहे.

हे चामड्याचं वेड मले घरीच लागलं. नववीत शाळा सुटली, मंग लग्न, मंग हे पोरगी. नवरा अकोल्याले कापसाच्या जिनिंगवर, रविवारी घरी येते. पोरगी झोपली का मी फोन पाहो, तं त्यात एक बाई चामड्याचं पाकीट हातानं शिवून रायली होती. म्या नवऱ्याची फाटकी बॅग कापून तसंच पाकीट केलं. वाकडंतिकडं झालं, पन झालं. मंग अकोल्याच्या बजारात एका चपलावाल्याजवळून कातरन आनली, भोकं पाडाची आरी आनली, चामडं छिलाची रापी आनली, मेनाचा दोरा आनला. आरीनं भोक पाडाचं, दोन सुया दोन्हीकडून घालाच्या अन् दोरा आवळाचा. तो दोरा करकर वाजत आवळला ना, का मले कोनाची सून असल्याचं आठवे नाई अन् कोनाची माय असल्याचंई नाई.

आत्याबाई, म्हंजे माही सासू, ते नाक मुरडे. "आमी तुले चपला शिवाले आनलं का वं? घरभर वास सुटला नुसता."

मामाजी, माहे सासरे, खाटीवरून म्हने, "काऊन वं, तुह्या बापाच्या बैलाच्या गळ्यात का रेशमाची माळ होती? पट्टा चामड्याचाच होता ना?"

"तो इकत आनेल होता. सुनंनं शिवेल नव्हता."

"मंग आमची सून तुह्या बापापरीस हुशार आहे," मामाजी म्हने, अन् त्याईनं बैलजोडीचे तुटलेले घुंगराचे पट्टे माह्या पुढ्यात आनून टाकले. "या पोळ्याले हेच बांधाचे. शिव बाई."

मले इतकं बरं वाटलं का काय सांगू. लग्न झाल्यापासून त्या घरात मले कोनी माह्या हातचं काई मांगतलं नव्हतं, भाकरीशिवाय. पन पोळा जवळ आला अन् पयलाच पट्टा काई सरे ना. जाड चामडं, तेई दुहेरी, हातानं शिवता शिवता बोटं सुजली. मंग म्या ते मशीनीत घातलं. मशीन कपड्याची. म्या सगळ्यात जाडी सुई लावली, पायानं चालवाचा पायटा सोडून देल्ला अन् चाक हातानं फिरवलं, एक एक टाका. चांगली चालली होती. शेवटच्या कोपऱ्यावर चामडं चिकटवेल होतं, तेथी जोर लावला अन् टक् झालं.

तं मी पोरीले कडंवर घेऊन बाहेर पयाली अन् आत्याबाईले म्हतलं, आत्याबाई, हिनं सुई गिळली. त्या अंगनात गहू पाखडून रायल्या होत्या. सूप तसंच फेकलं. मले वाटलं आता मारतील. त्या धावत घरात गेल्या अन् केळं घेऊन आल्या.

"चार हिले. केळं सुईले गुंडाळते अन् खाली नेते. ह्यानं लहानपनी नानं गिळलं होतं, म्या केळंच चारलं होतं, दुसऱ्या दिवशी निंघालं."

ह्यानं म्हंजे माह्या नवऱ्यानं. आमच्याकडं लेकरानं काई गिळलं का पयले केळंच चारतात, सारा गाव चारते.

म्या म्हतलं, "आत्याबाई, ते नानं होतं. हे सुई होय. पयले दवाखान्यात जाऊ ना."

"दवाखाना का पळून चालला? रस्त्यात टोचली तं? तुले लय समजते, म्हनून तं सुया सांडवतं. धर तिचे हात."

म्या धरले. पोरगी तोंड फिरवे, आत्याबाई केळं कुस्करून बोटानं आत ढकले अन् रडत रडत म्हने, खा माह्या मायी, खा. एक सरलं, दुसरं चारलं. मंग ऑटो आला.

तालुक्याच्या दवाखान्यात फोटो काढला. डाक्टरनं तो उजेडात धरला अन् मले देखवला. माह्या लेकराच्या पोटात पांढरी बारीक काडी. त्यानं म्हतलं, आता जठरात आहे, अमरावतीले न्या, दुर्बिनीनं निंघन. मले धीर आला. गाडीत मी सारा रस्ता तिच्या पोटावर हात ठेवून बसली, पन दाबला नाई, नुसता ठेवला. गाडी उसळली का माहा जीव जाये.

अमरावतीच्या दवाखान्यात एक डाक्टरीनबाई होती, माह्याच वयाची असन. तिनं फोटो पाह्यला, घाईनं सगळ्याईले हाका मारल्या, अन् मले विचारलं, "शेवटचं काय खाल्लं हिनं?"

"केळं."

"कवा?"

"गिळल्यावर. दोन."

तिनं डोळे मिटले. "अहो ताई, काहून चारलं? पोट भरलेलं असलं तर भूल देता येत नाही. उलटी होऊन ते छातीत गेलं तर पोर जाईल. आता थांबावं लागेल."

आत्याबाई माह्या मांगं उभ्या होत्या. मी मांगं वळून पाह्यलं नाई.

आमी थांबलो. पोरगी भुकेनं रडे अन् मले तिले पाजाची बंदी. माहं आंग दुधानं भिजून गेलं, मी पदर दाबून बसली. मंग परत फोटो काढला तं काडी जागेवर नव्हती. खाली सरकली, आतड्यात. डाक्टरीनबाई म्हने, दुर्बीन आता तेथवर पोचत नाई. कवा कवा आपोआप निंघते, वाट पाहू. दुसऱ्या दिवशी पोरीले ताप भरला, पोट दगडावानी झालं, सुई आतड्यात रुतली होती. मंग पोट चिरलं.

माह्या लेकराचं एवढंसं पोट.

ऑपरेशन झाल्यावर नर्सनं मले एका शिशीत ते टोक देल्लं. माह्या कमरंच्या पिशवीत वरचा तुकडा होता, घरून निंघतानी मशीनीतून काढून कवा टाकला मले आठवत नाई. म्या तेथीच बाकड्यावर दोन्ही तुकडे तळहातावर ठेवले अन् जुळवले. बरोबर जुळले. मायनं सांगतलं होतं, जुळले का उठाचं. मले उठता येईच ना.

तेवढ्यात नवरा आला अकोल्यावरून. अंगावर सरकीचा कापूस तसाच. डाक्टरीनबाईसंग बोलून आला अन् आमच्यापुढं उभा रायला.

"केळं कोनं चारलं?"

आत्याबाईच्या हातात पान्याची बाटली होती. झाकन लावून रायल्या होत्या, लागे ना. माह्याकडं पाह्यलं त्याईनं. लेकराले कुस्करून चारतानी जसं तोंड होतं, तसंच तोंड होतं तवाई.

"म्या," मी म्हतलं.

त्यानं काई मारलं-बिरलं नाई. फक्त म्हतलं, "तुह्या त्या चामड्यापायी माही पोरगी गेली असती. वरून केळं चारतं. माय होय का कोन होय तू?" आत्याबाईनं झाकन लावलं.

पोळ्याले आमची जोडी कासऱ्यावरच गेली, घुंगरं नाई. मामाजीनं पट्टा मांगतलाई नाई. तो मशीनीखाली तसाच आहे, शेवटचा कोपरा उघडा. आरी अन् रापी नवऱ्यानं कोठी टाकली मले माईत नाई, मी विचारत नाई. मी रोज घर झाडल्यावर लोहचुंबक फिरवतो. पोरीच्या पोटावर टाक्याईचा आडवा वन आहे, आंघोळ घालतानी माहं बोट तेथी थांबते. तिले जरा ढेकर आली तरी मी हातातलं टाकून पयतो.

आमच्या घरी आता केळं येत नाई. आत्याबाई पोरीले सारा दिवस कडंवर घेऊन फिरतात, जमिनीवर सोडत नाईत, अन् गावातली बाई आली का सांगतात, हिच्या मायनं सुई सांडवली अन् केळंई हिनंच चारलं. मी चुलीजवळून आयकतो. मले वाटते त्याईले आता तेच खरं वाटून रायलं. कवा कवा मलेई वाटते. चारलं त्याईनं, पन हात तं म्या धरले होते.

तुमच्या लेकराच्या पोटात सुई असती, अन् घरातली मोठी बाई रडत रडत केळं घेऊन उभी असती, अन् तिनं म्हतलं असतं का हात धर, तं तुमी धरले असते का नसते? अन् मंग नवऱ्यानं विचारल्यावर, सासू तशी तुमच्याकडं पाहून रायली असती, तं तुमी कोनाचं नाव घेतलं असतं?