बाल्कनीतली बाटली

ती वाइन माझ्यामुळे मेली. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. वाइन मरते, हेही जपानला येईपर्यंत मला माहीत नव्हतं. आमच्या पुण्याच्या घरात दारू हा एकच शब्द होता आणि तोही हळू आवाजात बोलायचा.

मला ते शिकवलं आमच्या विभागप्रमुखांनी. कावासाकीच्या ऑफिसात सगळे त्यांना बुच्योसान म्हणत, मीही तेच म्हणत आलो. तरुणपणी ते बोर्दोजवळच्या एका द्राक्षमळ्यावर तोडणीला गेले होते आणि पुढे हिवाळाभर तिथेच राहिले होते. आपल्याकडे माणसं आजोळाबद्दल बोलतात, तसं ते त्या मळ्याबद्दल बोलत. जमीन म्हणजे नुसती खडी. वर काही मिळत नाही म्हणून वेल मुळं खाली खाली नेतो. ओळींच्या टोकाला गुलाब, कारण रोग आधी गुलाबावर दिसतो. मालकीणबाई म्हाताऱ्या, सगळ्यांवर खेकसणाऱ्या. पिंपातली वाइन नितळ करायला त्या अंड्यातला पांढरा बलक घालत आणि उरलेल्या पिवळ्याचे केक करून कामकऱ्यांना खाऊ घालत.

"दारूत अंडं?" मी विचारलं होतं.

"तुझ्या आईला सांगू नकोस," ते म्हणाले. "तुला घराबाहेर झोपवेल."

माझी मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा ते ओजिमाला आमच्या घरी आले. त्याच मळ्याची, तिच्या जन्मवर्षीच्या द्राक्षांची बाटली त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवली. मळ्यातून निघून इथवर पोचायला वाइनला तेवढा वेळ लागतोच, म्हणाले. इथे वीस वर्षं पूर्ण होणं मोठं. दारूची परवानगीही तेव्हाच मिळते. "तोवर आडवी ठेव. अंधारात, थंडाव्यात. ही वीस वर्षांची झाली की तिघं मिळून उघडू." त्यांना स्वतःला मूल नव्हतं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

उत्तरेच्या खोलीत गाद्या ठेवायचं भिंतीतलं कपाट होतं. त्याच्या तळाशी, पंचात गुंडाळून मी बाटली आडवी ठेवली. काही वर्षं ती तिथे सुखात होती.

मग एका जूनमध्ये आई आली, तीन महिन्यांसाठी. सोबत तिचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख, घंटा. आल्या दिवशीच तिनं सगळं घर फिरून पाहिलं आणि त्या कपाटापाशी थांबली. "हीच जागा बरी. गार आहे. देवांना उकडायला नको."

मी घाईघाईनं पंचाची गुंडाळी काढून घेतली.

"काय रे ते?"

"ऑफिसचं सामान."

"मग ऑफिसात ठेव की! देवाच्या जागेत कशाला?"

बाटली बाल्कनीत गेली. रिकाम्या पेट बाटल्या कचरा उचलायच्या वारापर्यंत साठवायला आम्ही एक प्लॅस्टिकचा खोका ठेवला होता, त्याच्या तळाशी. शेजारी एसीचं बाहेरचं यंत्र होतं आणि बाल्कनी पश्चिमेची. देव गारव्यात बसले आणि आत आईला उकडू नये म्हणून आम्ही एसी चालवला, त्याची सगळी गरम हवा त्या खोक्यावर. दोन दिवसांत दुसरी जागा बघू, असं मी म्हणालो होतो. बघितली नाही. ऑगस्ट तसाच गेला.

आई परतल्यावर खोका उघडला. बूच किंचित वर आलं होतं आणि बाटलीच्या मानेवरून एक चिकट काळसर ओघळ उतरला होता. मला समजलं, उष्णतेनं वाइन मेली होती. तो ओघळ मी ओल्या फडक्यानं पुसला आणि बाटली पुन्हा कपाटात ठेवली.

तेव्हाच सांगितलं असतं तर बुच्योसान चिडले असते आणि मग बहुधा हसलेही असते. पण सांगायचं काय? मुलीचा बाप झालेला माणूस स्वतःच्या घरात आईला "ही बाटली माझी आहे, ती इथेच राहील" एवढं म्हणू शकला नाही, हे? मी गप्प बसलो. दर वर्षाअखेरीच्या ऑफिसपार्टीत ते विचारायचे, "कशी आहे आपली?"

"झोपलीय."

"घोरत नाही ना?"

मी हसायचो.

ते निवृत्त झाले, पत्नी गेली, मग त्यांना घशाचा कर्करोग झाला. उपचारांनी जीव वाचला, पण चव आणि वास दोन्ही गेले. मुलीला वीस पूर्ण झाली तेव्हा त्यांनी स्वतः फोन केला. "आता माझ्या जिभेचा भरवसा नाही. पण तुम्ही या."

एका रविवारी दुपारी मी मुलीला घेऊन कावासाकीला त्यांच्या घरी गेलो. त्यांना बूच दिसू नये म्हणून बाटली मी स्वयंपाकघरात उघडली. आंबट, करपल्या गुळासारखा वास आला. ती बेसिनमध्ये ओतून हात सटकला म्हणता आलं असतं. मी तीन ग्लास भरले.

त्यांनी ग्लास खिडकीकडे धरला. "विटकरी झालाय रंग. वय झालं की होतो." एक घोट घेतला, डोळे मिटले. मग मुलीला म्हणाले, "मला तर पाणीच लागतं. तू सांग. बाबांना विचारण्यात अर्थ नाही, त्यांना काय कळतंय! खडी लागते का जिभेला?"

तिनं घोट घेतला. चेहरा आक्रसला, तो तिनं आवरला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी मराठीत म्हणालो, "छान आहे म्हण."

आमची मुलगी जन्मापासून इथली. मराठी तिला समजते, पण उत्तर जपानीत येतं. त्या खोलीत ती भाषा आम्हा दोघांनाच कळत होती, आणि ती मी याच कामाला वापरली.

ती त्यांच्याकडे वळून जपानीत बोलू लागली. छान आहे. खडी लागते, पावसात भिजलेली. मागून गुलाबही येतो. मळ्याच्या त्या गोष्टी तिनं लहानपणापासून ऐकल्या होत्या. त्यातलीच एकेक ती त्यांना परत देत गेली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते मान हलवत होते. हो, हो, तोच. तोच मळा. तिनं आपला ग्लास पूर्ण संपवला. मी माझा संपवू शकलो नाही.

 परतीच्या गाडीत ती, क्वचितच बोलते तसं, मराठीत म्हणाली, "बाबा, ते माझ्यावर विश्वास ठेवत होते."

घरी बायकोनं विचारलं, "कशी होती गं?"

"बाबांना विचार."

"चांगली होती," मी म्हणालो.

त्या हिवाळ्यात बुच्योसान गेले. पुतण्यानं घरातल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यात त्यांच्या फोटोशेजारी ती रिकामी बाटली ठेवली होती; काकांनीच तसं सांगून ठेवलं होतं म्हणे. उदबत्तीचा धूर तिच्या मानेवरून जात होता. मुलीनं बाटलीसमोर हात जोडले आणि ती ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली. मी मागे उभा होतो. ती काय म्हणाली ते मी विचारलं नाही.

आता ती नागोयात नोकरी करते. फोन करते, आईशी बोलते. माझ्याशी नीट वागते, आणि फक्त जपानीत.

बुच्योसानांना जे सांगायचं होतं ते सांगायची वेळ गेली, ती परत येणार नाही. वाइन कशी मेली हे मुलीला अजून माहीत नाही. ते तिला सांगणं आणि तिच्या तोंडून मी खोटं वदवलं याची माफी मागणं, एवढं माझ्याकडून तिचं येणं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.