कमळचा ळ

"नाव?"

"कमय."

हजेरीपटात कमय नव्हती. मी दोनदा विचारलं, तिने दोनदा तितक्याच प्रसन्न चेहऱ्याने 'कमय' असंच सांगितलं. शेवटी तिने वाकून हजेरीपटावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, कमळ. सांगलीहून शहाद्याच्या एका अध्यापक विद्यालयात मराठी शिकवायला आलो, तो माझा पहिला दिवस. तिथूनच माझं डोकं उठायला सुरुवात झाली.

या भागातल्या अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याचा डोया, शाळेची शाया, फळ्याचा फया. अख्खा वर्गच तसा बोलायचा, पण जवळच्या प्रकाशा गावची कमळ त्यात अव्वल. उद्या हीच बाई पोरांना शिकवणार, म्हणून मी हात धुऊन तिच्या मागे लागलो. "कमळ, जीभ वर वळव. ळ! ळ!" ती बिचारी पदराने घाम पुसत जीभ वळवायची.

महिन्याभरात ळ आला. पण असा आला की थांबेचना. एकदा वर्गाच्या दारात येऊन म्हणाली, "सर, माझी माळ बाहेर उभी आहे." मी गोंधळून बाहेर गेलो, तर तिची माय उभी होती, माझ्यासाठी पपई घेऊन. वर्ग हसून हसून लोळला. मी मात्र वैतागलो. "अगं, प्रत्येक 'य'चा ळ नसतो करायचा!"

"मंग कोनता 'य'ना ळ करना अन् कोनता 'य'ना नई करना? नियम सांगा ना, सर."

"ते कानाला कळतं."

"मन्हा कानले नई कयत," ती म्हणाली आणि वही उघडून बसली.

हा प्रश्न तिने मला दोन वर्षं विचारला. जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात, एकदा तर भर बसस्टँडवर. मला उत्तर येत नव्हतं, म्हणूनच मी इतका चिडायचो, हे आज कबूल करतो.

सासऱ्यांनी तिला दोनच वर्षं दिली होती. शेवटच्या पाठात नापास झाली की पुन्हा पपईचं वावर. हे तिनेच हसत हसत सांगितलं होतं.

पाठ बघायला धुळ्याहून परीक्षक आले. दुसरीचा वर्ग, विषय 'गाय'. कमळने चित्र लावलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "ही गाळ आहे."

पहिल्या बाकावरची चिमुरडी ओरडली, "बाई, गाय शे ती!"

वर्ग खिदळायला लागला. कमळने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग तीही हसली. "हा बेटा, गायच शे. आते फयाकडे देखा. गायना डोया कोठे शेतस?"

पुढची वीस मिनिटं पोरं फळ्याशी जायला एकमेकांना ढकलत होती. एकाने हंबरूनही दाखवलं. शेवटी प्रत्येकाच्या पाटीवर 'डोळे' बिनचूक लिहिलेलं होतं. मी इतकी वर्षं शिकवतोय, माझ्या वर्गात असं कधी झालं नाही. आणि मी काय करत होतो? सवयीने तिच्या प्रत्येक 'य'ला कागदावर एक रेघ ओढत होतो. माझी मलाच लाज वाटली.

परीक्षकांनी गुणपत्रिका माझ्यापुढे सरकवली. "पाठ फक्कड झाला. उच्चाराचे गुण तेवढे तुम्ही सांगा. आमच्या घरी अहिराणीच, त्या 'गाळ'नंतर मला काही चुकल्याचं ऐकूच आलं नाही. तुम्हाला आलं?"

दाराशी कमळ पदर मुठीत धरून उभी होती. मी माझ्या रेघांच्या कागदाची घडी करून खिशात घातली.

"नाही," मी म्हणालो. "मलाही नाही."