काळी दाढी नसलेल्या चिमण्या

सोनं गाळण्याच्या धंद्यात मी तीस वर्षं परमुलखात काढली. शून्यातून दुकान उभं केलं आणि मला कुणी फसवून गेलं असं एकदाही होऊ दिलं नाही. त्यामुळे विट्याला परतल्यावर सांगलीच्या एका लाकूडवाल्यानं मला गंडवलं, हे फार जिव्हारी लागलं.

अंगणात बाजरीची कणसं टांगली होती. रोज सकाळी चिमण्यांचा थवा येऊन त्यांवर तुटून पडायचा. त्यांना घरट्याची सोय व्हावी म्हणून मी त्याच्याकडून सहा लाकडी खोकी आणली. घासाघीस करून माझा घसा बसला, पण पठ्ठ्या तसूभर खाली आला नाही. वर विचारतो, चिमण्याच आहेत ना नक्की? मी म्हणालो, मला शिकवू नका.

दोन महिने एकही चिमणी खोक्यात शिरली नाही. माझं डोकं तापलं. फोनवर त्याला नको नको ते बोललो आणि उद्या गिऱ्हाइकांदेखत खोकी तुझ्या दारात आपटतो, असं बजावलं.

सकाळी खोकी गाडीत भरत होतो, तेवढ्यात बायको दारात आली. लग्नाआधी ती बापाच्या शाळूच्या रानात माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं राखायची.

"आवं, एवढ्या थव्यात एकाला तरी काळी दाढी हाय का?"

बघितलं. नर चिमण्याच्या गळ्याखाली काळा डाग असतो, तो एकालाही नव्हता. सगळ्या माद्या असतील, मी म्हणालो. ती हसत उंबऱ्यावरच बसली. मग तिनं त्यांची जाड चोच दाखवली, डोळ्यावरची फिकट भुवई दाखवली. या सुगरणी आहेत, म्हणाली. थंडीत नर-मादी सारखेच मातकट दिसतात, पावसाळ्याच्या तोंडावर नराचं डोकं पिवळं होतं. आपलं घर आपण विणणारं पाखरू तुमच्या खोक्यात कशाला येईल?

नुसत्या रंगावर माल ओळखू नये, कसोटीवर घासून बघावा, हे मी हाताखालच्या कितीतरी कारागिरांना ओरडून शिकवलं होतं.

खोकी उतरवली. सांगलीला फोन लावला आणि पाखरं ओळखण्यात माझीच चूक झाली, हे जमेल तितक्या हळू आवाजात सांगायला लागलो.

"जरा मोठ्यानं बोला," बायको मागून म्हणाली. "त्यास्नी नीट ऐकू जाऊ द्या."

मी मोठ्यानं बोललो. सगळ्या सुगरणी भुर्रकन उडून शेजारच्या उसात गेल्या.