घंटी वाजली तवा

हे म्या आजवर कुणाला सांगितलं न्हाय. मालकाला न्हाय, देवीपुढंबी न्हाय. आज तुमाला सांगते — का, ते इचारू नका.

माझी नात, गौरी, तवा दीड वर्साची होती. सून मला आत्या म्हणती. ती म्हणायची, आत्या, हिला ऐकू येत न्हाय वाटतं, ताट पडलं तरी दचकत न्हाय. म्या तिलाच झापलं, उगं कायबी काढू नगंस म्हणून. पण खरं सांगू? मला तिच्या आधी कळलं होतं.

मग गप का बसले? धाकट्या लेकीला वाशीचं स्थळ आलं होतं. आठ दिसांत पाव्हणे यायचे. घरात बहिरं लेकरू हाय म्हणल्यावर लोक माघारी फिरतील — डोक्यात येवढंच.

आन् त्याच आठवड्यात अंगणवाडीत लेकरं तपासायची गाडी आली. डॉक्टरीणबाई कागद घेऊन पुढं बसली. पोरगी चालती का, बोट दावती का, हाकंला बघती का — मी पटापटा व्हय म्हणत गेले. गौरी माझ्या मांडीवर. सून दाराशी, पदराचं टोक चावत. आता नर्स पोरीच्या मागनं घंटी वाजवणार, आन् पोरगी वळती का ते बघणार.

उजवीकडं वाजली. आन् म्या — पदराखाली — पोरीच्या उजव्या मांडीला अंगठा दाबला. ती वळली. डावीकडं वाजली, डावी मांडी दाबली. तिकडंबी वळली.

ऐनवेळी सुचलं म्हणू? न्हाय. मागनं घंटी वाजवत्यात हे अंगणवाडीच्या बाईकडनं कळलं होतं, आदल्या दिवशी घरी दोनदा करून बघितलं होतं. कसलं काळीज म्हणायचं हे?

"ऐकतीय की हो," डॉक्टरीणबाई हसून सुनंला म्हणली.

सून तिथंच रडाय लागली, आनंदानं. परत तिनं तो इषय काढला न्हाय.

लेकीचं लगीन झालं. गौरी चार वर्साची झाली तरी बोलंना, तवा धाराशिवला नेलं. डॉक्टर म्हणले, लई उशीर केला, तवाच कानाला मशीन लावायला पायजे होतं. सून म्हणली, तपासणीत तर बरोबर आलं होतं. आन् मी काय म्हणले? त्या बायांनी नीट बघितलंच नसंल, म्हणले.

आता पोरीच्या कानाला मशीन हाय. सून दर मंगळवारी आमच्या बेंबळी गावातनं बसनं तिला धाराशिवला बोलायला शिकवाय नेती, मीबी संगं जाते. "आई" म्हणायला आठ महिने गेले. परवा तिथल्या बाईंनी सुनंला इचारलं, येवढं कसं निभावता? सून माझ्याकडं बघून म्हणली, "आत्या हायेत म्हणून."

म्या व्हय म्हणून मान हलवली.