खंडेनवमीला बंद ठेवलेलं मशीन

“चाव्या टेबलावर ठेवा, मावशी,” शेठ म्हणाले.

मी ठेवल्या. शटरची मोठी, आतल्या काचेच्या दाराची आणि मोरीच्या कुलपाची. जुडग्याचा आवाज झाला तशी माझ्या सुनेने मान वर केली. ती तिच्या कॉम्प्युटरपाशी बसली होती. शेठ तिला म्हणाले, “तूही हात काढ त्यावरून. आता कशालाच हात लावायचा नाही. मी पोलिसांत जायचं की नाही ते ठरवतोय.”

शेठचा छापखाना लालबागला एका जुन्या इस्टेटीतल्या गाळ्यात आहे. लग्नपत्रिका, मिठाईच्या खोक्यांवरचे कागद, मंडळांचे अहवाल असली कामं. माझ्याकडे झाडलोट, चहा आणि गाळा उघडणं-बंद करणं. सून डिझाइन करते. तिला तिथे मीच लावून दिली होती, माझ्या शब्दावर. म्हणून त्या दिवशी जे काय व्हायचं होतं ते दोघींचं मिळून होणार होतं. घरात येणारे दोन्ही पगार त्या एकाच गाळ्यातून येत होते, आणि चोर म्हणून बाहेर पडलेल्या बाईला लालबाग-परळमध्ये दुसरा छापखाना उभा करत नाही.

झालं होतं असं. शेठच्या सगळ्या जुन्या-नव्या कामांच्या फाइली कोपऱ्यातल्या एका मशीनमध्ये असतात. त्याला सगळे मोठं मशीन म्हणतात. बाकीची विंडोजची आणि हे युनिक्सचं, एवढं मला ऐकून ऐकून माहीत होतं. त्याला स्वतःचा पडदा नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसायचं, त्याचं नाव टाकायचं, की आतल्या फाइली दिसतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी आपल्या टेबलावरून नाव टाकलं, तर वर्षानुवर्षांची कामं गायब. त्यांच्या जागी माझ्या नातवाच्या बारशाचे फोटो आणि सुनेच्या बहिणीची लग्नपत्रिका.

दिवाळीच्या फराळाच्या डब्यांचे कागद त्याच दिवशी छपाईला जायचे होते. तेही गेले.

“तुझे फोटो मोठ्या मशीनमध्ये आले कसे?” शेठ विचारत होते.

“शेठ, माझे फोटो माझ्याच मशीनमध्ये आहेत. आणि मला मोठं मशीन नीट दिसतंय. हे बघा, सगळी कामं आहेत.”

“तुलाच बरं दिसतंय!”

ती बोलली ते खरं होतं. तिच्या पडद्यावर सगळं जागच्या जागी होतं. पण त्याने तिचा बचाव व्हायच्या ऐवजी ती आणखीनच अडकली. ज्याच्याकडे माल सापडतो तोच चोर, हा सरळ हिशेब. शेठच्या डोक्यात तो बसला. खरं सांगायचं तर माझ्याही.

मी चौथी शिकले. पडद्यावरचं मला कळत नव्हतं, म्हणून मी माणसांकडे बघत होते. सुनेकडे बघितलं तेव्हा मला एकेक आठवायला लागलं. एरवी ही धावतपळत येणारी बाई त्या दिवशी माझ्याबरोबर लवकर का निघाली? फराळाचं काम आहे म्हणाली होती. शटर उघडल्या उघडल्या मी मेन स्विच वर केला आणि झाडू घेतला, तर हिने आधी आपलं मशीन लावलं. महिनाभर फोन आला की गॅलरीत जाऊन बोलत होती. कोणाचा गो, म्हणून विचारलं तर म्हणे मैत्रिणीचा. मैत्रिणीशी कोणी इतकं हळू बोलत नाही.

हे मी तिथे कोणाला बोलले नाही. पण तिच्या बाजूने पण बोलले नाही. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तिला ते कळलं.

मी शेठना म्हटलं, “माझी पिशवी झाडून घ्या. हिची पर्स बघा.”

“हे पिशवीतून जात नाही, मावशी.”

माझा नवरा गिरणीत होता तेव्हा सुटीच्या वेळी गेटवर झडती व्हायची. अंगावरून हात फिरवायचे, डबा उघडून बघायचे. अपमान होता, पण गेटबाहेर पडल्यावर माणूस मोकळा. इथे झडतीच घेता येईना. जी वस्तू हातात धरता येत नाही ती आपण घेतली नाही हे दाखवायचं कसं?

दुपारी दुरुस्तीवाला आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस. दादरला त्याचं दुकान आहे आणि शेठकडे तो वर्षानुवर्षं येतो. मी त्याला भाऊ म्हणते. आल्या आल्या त्याने विचारलं, “काय बदललं? नवीन काही बसवलं? मोठं मशीन कधी बंद झालं होतं का?”

“काही नाही,” शेठ म्हणाले. “ते मशीन आपण कधी बंद करतो का?”

“काहीच नाही,” सून म्हणाली.

“सगळं जिथल्या तिथे आहे,” मी म्हटलं.

तिघांनीही मनापासून सांगितलं. मोठ्या मशीनवर झेंडूची माळ होती, पुढच्या बाजूला हळदीकुंकवाची बोटं होती. फुलं मीच दादरहून आणली होती. तरी तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुरुस्तीवाला आधी सुनेच्या मशीनवर बसला. नाव टाकलं, मोठं मशीन उघडलं. शेठच्या मशीनवर बसला. तेच नाव टाकलं, बारशाचे फोटो. “च्यायला,” म्हणाला. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. मग तो भिंतीवरच्या वायफायच्या डब्यापाशी गेला, त्याखाली चिकटवलेला पासवर्डचा कागद वाचला आणि आपला लॅपटॉप उघडून आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

तोवर तो सारखा बडबडत होता. पंखा साफ करा, वायरी उंदीर खातात, हे असलंच. त्या डब्यापाशी गेल्यावर गप्प झाला. मी चहा नेऊन दिला तर त्याने लॅपटॉप अर्धा मिटला. चहा देणाऱ्या बाईपुढे कोणी लॅपटॉप मिटत नाही. तेव्हा माझा संशय सुनेवरून उठून त्याच्यावर गेला.

“व्हायरस वाटतोय, शेठ,” तो म्हणाला. “मोठं मशीन दुकानावर न्यायला लागेल. दोन दिवसांत आणून देतो.”

“नेऊ देऊ नका,” मी म्हटलं.

शेठ माझ्यावर उखडले. “तुम्हाला कोणी विचारलं? तुम्हाला काय कळतं त्यातलं?”

“त्यातलं नाही कळत. पण हा मघापासून तुमच्याकडे बघत नाहीये.”

“मावशी, उगाच काय!” दुरुस्तीवाला हसला. हसला ते पण माझ्याकडे न बघता.

शेठचं लक्ष नव्हतं. ते आपल्या टेबलाशी बसून एकेक फोटो उघडत होते. लग्नपत्रिका उघडली आणि म्हणाले, “ही छापली कुठे? कागद कोणाचा? माझ्या विजेवर बाहेरची कामं चालतात वाटतं इथे.”

सून उठली. ती तशी सोसणारी आहे, पण बहिणीच्या पत्रिकेवरून बोललेलं तिला लागलं.

“बहिणीची आहे, शेठ. जेवणाच्या सुटीत केली. छापली गिरगावात, आमच्या पैशाने. तुम्हाला निमंत्रण दिलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, छान झालीय.” तिने पर्स उचलली. “हे मी बंद करते आणि जाते घरी. पोलीस आले की बोलवा. येते.”

आणि तिने खरंच आपलं मशीन बंद केलं.

शेठ पुढचा फोटो उघडायला गेले. पडद्यावर नुसतं गोल फिरायला लागलं. “आता हे काय? मोठं मशीन सापडत नाही म्हणतंय. काय केलंस तू?”

“मी माझं बंद केलं. तुमच्याला हात पण नाही लावला.”

मोठं मशीन कोपऱ्यात नेहमीसारखं घुरघुरत होतं. दिवे लुकलुकत होते. ते चालू होतं हे मलाही दिसत होतं. शेठनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा आपल्या पडद्याकडे.

“परत लाव तुझं.”

तिने लावलं. थोडा वेळ गेला आणि शेठच्या पडद्यावर नातू पुन्हा पाळण्यात हजर.

“बंद कर.”

गेला.

मग दुरुस्तीवाल्याला बोलावंच लागलं. “शेठ, तुम्ही बघताय ते वहिनींचं मशीन आहे.”

“मग नाव मोठ्याचं कसं?”

“नाव तुम्हाआम्हाला. मशीन नंबरावर जातं. तुमच्या मशीनमध्ये मी फार पूर्वी लिहून ठेवलंय, या नावाला हा नंबर. ते कोणाला विचारत नाही, सरळ त्या नंबराच्या दारात जाऊन उभं राहतं. वहिनींचं मशीन नंतर आलं, त्यात तसं लिहिलेलं नाही. ते दरवेळी हाक मारून विचारतं, मोठं मशीन कुठे आहे? मोठं ओ देतं. म्हणून त्यांना बरोबर दिसतं. मोठ्याचा जुना नंबर आज वहिनींच्या मशीनला मिळालाय आणि मोठ्याला दुसराच. पण तो बदलला कसा तेच...” तो थांबला. “मशीन बंद नव्हतं ना झालं?”

“सांगितलं ना, नाही,” शेठ म्हणाले. “खंडेनवमीला पूजेला ठेवलं होतं तेवढंच.”

“ठेवलं होतं म्हणजे?”

“म्हणजे बंद. सगळीच बंद होती. हत्यारं त्या दिवशी चालवत नाहीत.”

“शेठ! मी पहिलं तेच विचारलं!”

“अरे, ती पूजा होती. पूजेला काय बंद करणं म्हणतात?”

दुरुस्तीवाल्याने कपाळाला हात लावला. त्याचंही चुकत नव्हतं आणि शेठचंही. आमच्याकडे खंडेनवमीला कात्रीपासून छपाईच्या मशीनपर्यंत सगळं पुसून, हळदकुंकू लावून, गप्प ठेवतात. मेन स्विचच खाली. वायफायचा डबा पण त्यात आला. त्याला आम्ही बंद करणं म्हणत नाही. कोणी विचारलं तर ते आठवतही नाही, जसं कोणी विचारलं आज काही खाल्लंत का तर देवळातला प्रसाद आठवत नाही.

नंबर वाटतो तो भिंतीवरचा डबा. दसऱ्यानंतर मी स्विच वर केला, सुनेचं मशीन चटकन उठलं आणि पहिला नंबर, म्हणजे मोठ्याचाच, घेऊन गेलं. मोठं मशीन म्हातारं, उठायला वेळ लावतं. त्याला उरलेला मिळाला.

पण माझं समाधान झालं नव्हतं. पूजा दर वर्षी होते. स्विच दर वर्षी खाली येतो. मग याच वर्षी काय झालं?

“भाऊ,” मी विचारलं, “हा डबा नवा ना? जुना काळा होता.”

“हो.”

“कोणी बसवला?”

“मीच. गणपतीच्या आधी.”

“आणि मघाशी त्याच्यापाशी पाठ करून काय बघत होतास?”

तो शेठकडे बघायला लागला. दिवसभरात पहिल्यांदाच. मग सांगितलं. जुन्या डब्यात मोठ्या मशीनसाठी त्याचा नंबर राखून ठेवलेला होता, दुसऱ्या कोणाला मिळायचा नाही असा. नव्यात ते करायचं राहिलं. मोठं मशीन चालूच असल्यामुळे आपला नंबर धरून बसलं होतं, म्हणून इतके दिवस कोणाला कळलं नाही.

“म्हणजे तुम्हाला आल्या आल्या कळलं होतं,” सून म्हणाली. पर्स अजून खांद्यालाच होती. “मग व्हायरस कुठून आला?”

“वहिनी, मला आधी खात्री करायची होती.”

“दुकानावर नेऊन?”

त्याने खाली बसून काम केलं. नव्या डब्यात नंबर राखला, शेठच्या मशीनमधली ती जुनी ओळ काढून टाकली, मग सगळी मशीन एकदा बंद करून आधी मोठं लावलं. शेठनी नाव टाकलं. सगळी कामं आली. फराळाच्या डब्यांचे कागद पण. काही गेलंच नव्हतं.

शेठ बराच वेळ उगाच फाइली वरखाली करत राहिले. मग म्हणाले, “उचला चाव्या, मावशी.”

“मी आपणहून ठेवल्या नव्हत्या. तुम्ही मागून घेतल्यात. हातात द्या.”

त्यांनी उठून दिल्या. सुनेला म्हणाले, “अगं, माणसाला वाटतं कधीकधी.” तिने पर्स खाली ठेवली आणि फराळाचं काम संध्याकाळच्या आत छपाईला दिलं.

घरी जाताना ती रस्त्यात म्हणाली, “आई, तुम्हाला पण वाटलं ना?”

“वाटलं,” मी म्हटलं. “फोन कोणाचे असतात?”

“वरळीच्या एका ऑफिसातून. नोकरीचे.”

म्हणजे ती काही लपवत होती हे मला बरोबर दिसलं होतं, फक्त ते दुसरंच होतं. दिवाळी झाल्यावर ती वरळीला लागली. शेठनी थांब म्हणून पाहिलं, थांबली नाही. दुरुस्तीवाला अजून येतो. तो डब्यापाशी गेला की मी त्याच्या मागे जाऊन उभी राहते आणि तो मला काही म्हणत नाही. खंडेनवमीला आता मोठ्या मशीनला चालू असतानाच हळदकुंकू लावतात.

त्या दिवशी गाळ्यात चौघं होतो. संशय घेणारे शेठ, गप्प राहिलेला दुरुस्तीवाला, आणि ज्यांच्यावर हे आलं त्या आम्ही दोघी सासू-सुना. सून वरळीला जाते. चाव्या माझ्याकडे आहेत.