वाढत्या मापाची रायफल

पुण्यात असताना माझा नवरा झुरळ मारायलासुद्धा मला हाक मारायचा. न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला येऊन तोच हरणांच्या शिकारीला जायला लागला, याचं मला अजूनही हसू येतं. ऑफिसातल्या एका मित्रानं त्याला एकदा डोंगरात नेलं आणि स्वारी वेड लावून घेऊनच परतली. पुढे आमची लेकही त्याच्याबरोबर जाऊ लागली. एरवी आम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत दोन शब्दांत उत्तर द्यायचं. पण डोंगरातून आली की दोघांची बडबड थांबायची नाही.

मग एकदा गोळी सुटताना त्याच्या जुन्या रायफलीचा दणका तिच्या खांद्याला असा बसला की खांदा काळानिळा झाला. "आय अ‍ॅम डन, बाबा," ती म्हणाली, आणि पुढच्या वेळी खरंच गेली नाही. तो एकटाच गेला आणि दुपारीच घरी आला. बराच वेळ बूट धूत बसला. मला फार वाईट वाटलं.

लांब पल्ल्याची रायफल खास बनवून घ्यायची, हे त्याचं जुनं स्वप्न. आता ती दोघांसाठी एकच बनवायची ठरली. आधी काडतूस निवडायचं, कारण बाकी सगळं त्यावरून ठरतं. त्याचा जीव सात मिलिमीटरच्या मॅग्नमवर जडलेला. पल्ला लांब, पण दणकाही तसाच. साडेसहाचं मवाळ, पण पल्ला थोडा कमी. मुलगी बघायला गेल्यासारखा तो रोज दोन्हींचे गुण मला ऐकवायचा. शेवटी मी वैतागले.

"अरे, तुला हरिण हवंय की पोरगी?"

त्यानं चहा संपवला. मग म्हणाला, "साडेसहाच घेऊ. नाहीतरी फार लांबचं मला दिसतंय कुठे?"

मग नळी आखूड घेतली, कारण तिच्या टोकाला आवाज दाबणारा सायलेन्सर बसणार होता आणि तो थोडा दणकाही खातो. खांद्याशी मऊ रबर. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, अक्रोडाच्या लाकडाचा. दस्त्याच्या मापासाठी रायफल बनवणाऱ्या कारागिरानं लेकीचा हात कोपरात वाकवला आणि कोपरापासून बोटापर्यंत टेप धरली. लगेच नवरा इंग्रजीत म्हणाला, "अर्धा इंच जास्त ठेवा. वाढतं वय आहे."

लेक सतरा वर्षांची, माझ्याहून उंच. आणि मीही मान डोलावली! तिचे शाळेचे युनिफॉर्म मी कायम वाढत्या मापाचे घेतले, खाली चांगली जाड दुमड घालून. त्यातल्या निम्म्या दुमडी कधी उसवाव्याच लागल्या नाहीत.

रायफल तयार झाली आणि आम्ही तिघं नेमबाजीच्या रेंजवर गेलो. लेक पालथी झोपली, दस्ता खांद्याला लावला, पण डोळा काही रायफलीवरच्या दुर्बिणीपर्यंत पोचेना. मान ताणून ताणून ती दमली.

"इट्स टू लाँग, बाबा."

"अगं, वाढशील ना तू," तो पुटपुटला.

"आय अ‍ॅम सेव्हन्टीन!"

ती उठून गाडीत जाऊन बसली. मला वाटलं, संपलं. नवऱ्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. पण घराच्या वळणाशी तीच म्हणाली, त्या कारागिराकडे चला.

कारागीर नवऱ्याला म्हणाला, "कापतो, पण मग तुम्हाला आखूड पडेल."

"कापा," नवरा म्हणाला. क्षणाचाही विचार केला नाही त्यानं. करवत चालू झाली तेव्हा मात्र भिंतीकडे बघत उभा राहिला.

अक्रोडाची चकती खाली पडली. कारागीर ती कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात लेक म्हणाली, "वेट." तिनं ती उचलली, फुंकर मारून भुसा उडवला आणि विचारलं, ही स्क्रूनं काढता-घालता येईल का?

"आता कशाला गं?" मी म्हणाले.

"बाबाच्या टर्नला लागेल ना."

नवऱ्यानं ती चकती दस्त्याला लावून बघितली आणि कारागिराला विचारलं, स्क्रू किती लांबीचे लागतील.