नाव, काळ, आधार

चुकीच्या नावाचा एवढा धसका घेतलेला माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा सापडायचा नाही, आणि नाव तरी कुणाचं, तर कधी जन्मालाच न आलेल्या एका बंगाली मुलीचं! हे माझ्या बायकोचे मामा. सारी नोकरी दुधाच्या तपासणीत काढून ते निवृत्त झाले आणि धायरीच्या फ्लॅटमध्ये ऐतिहासिक कादंबरी लिहायला बसले. अठराव्या शतकात मराठी घोडेस्वार बंगालवर चालून गेले, तेव्हा गाव सोडून पळालेली एका विणकराची मुलगी ही नायिका. याला अकरा वर्षं झाली. पहिलं वाक्य अजून लिहून व्हायचंय, कारण ते नायिकेच्या नावानं सुरू होतं आणि नाव ठरत नाही. "मामा, ठेवा की एखादं गोडसं," असं मी एकदा म्हणून गेलो. मामांनी चष्मा काढला. "जावईबापू, आपल्याच लोकांनी तिचं घर जाळलं. निदान नाव तरी तिला खरं द्यावं की नाही?" मी पोहे संपवले.

या नावांची त्यांची एक जाडजूड वही आहे. तिला तीन रकाने: नाव, काळ, आधार. ज्या नजरेनं दुधातलं पाणी पकडलं, त्याच नजरेनं ते नावातली भेसळ पकडतात. आधार नसला की नावावर लाल काट. साठी उलटल्यावर बंगाली लिपी शिकून त्यांनी जुन्या दानपत्रांच्या छापील प्रती पालथ्या घातल्या, पण तिथं पुरुषांची नावं पोत्यानं आणि बायका म्हणजे अमक्याची बायको, तमक्याची आई. मग त्यांनी जिवंत बंगाल्यांकडे मोर्चा वळवला. माझ्या ऑफिसातली पारमिता घरी आली, तर पाणी द्यायच्या आधी मामा म्हणाले, "नाव सुरेख आहे, पण अठराव्या शतकात चालणार नाही हं." ती बिचारी "सॉरी अंकल" म्हणाली. मिठाईच्या दुकानात तर त्यांनी बंगाली कारागिराला खापरपणजीचं नाव विचारून रांग अडवली. मागचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "आजोबा, श्राद्धाचं नंतर बघू. मला पाव किलो संदेश हवाय."

गेल्या दिवाळीत सहाव्या मजल्यावरच्या बंगाली मुलाची आई कोलकात्याहून आली, आणि मामींनी तिला आमच्याबरोबर फराळाला बोलावलं. मामा वही घेऊन तयारच होते. बाईंनी हिंदीत सांगितलं, की आमच्याकडे प्रत्येकाला दोन नावं, एक जगासाठी आणि एक घरातल्या हाकेचं, आणि ते हाकेचं नाव कागदावर कुठं येतच नाही. मामांचा चेहरा पडला. अकरा वर्षं त्यांनी जगासाठीची नावं गोळा केली होती. आई तिला काय म्हणायची, हे कुठल्या दानपत्रात मिळणार? बाईंनी सहज मामींना विचारलं, "और आपका घर का नाम?"

मामींनी चकलीचा तुकडा मोडला. "मी शालिनी. म्हणजे लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर लिहिलं ते. माहेरी मी चिमा होते." मग हसून म्हणाल्या, "दादा गेल्यापासून कुणी म्हणत नाही." मी मामांकडे पाहिलं. हे शालिनी नावसुद्धा त्यांनी तेव्हा चार दिवस खल करून निवडलं होतं, असं सगळे कौतुकानं सांगतात. मामींना माहेरी काय हाक मारतात, हे मात्र त्या खलात कुणी विचारलं नसावं. मामा बाईंना जिन्यापर्यंत पोचवायलाही उठले नाहीत. मला त्या दिवशी त्यांची पहिल्यांदाच दया आली.

परवा गेलो, तर कादंबरीचं पान कोरंच होतं. मामा गॅलरीतून आत हाका मारत होते, "चिमा, अगं चिमा!" तिसऱ्या हाकेला मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अहो, मला वाटलं शेजारी कुणाला बोलावताय." मामांना काही काम नव्हतंच. ते ओशाळून चहाचं काहीतरी पुटपुटले. मी वही चाळली. पद्ममणी, दिगंबरी, सगळ्या जागच्या जागी होत्या, आणि शेवटच्या पानावर एकच नाव होतं: चिमा. काळाचा रकाना त्यांनी मोकळा सोडला होता. आधाराच्या रकान्यात लिहिलं होतं, 'तिनं स्वतः सांगितलं. मी उशिरा विचारलं.'